साखळ्या वाजल्या की

हुकांना टांगलेले दोन कप एकमेकांना लागले आणि किणकिणले. एवढंच. मग घर पुन्हा गप्प झालं. कारिन मोरीपाशी उभी होती, हात भांड्यांच्या पाण्यात होते, आणि पाणी कधी निवलं हे तिला सांगता आलं नसतं. कप का वाजले ते तिला ठाऊक होतं. बाहेर, जिथं त्यांची वाट रस्त्याला मिळते तिथं, शेजारच्या वायनोच्या ट्रकचं बर्फ लोटायचं पातं गोठलेल्या जमिनीवर आदळलं की घराच्या भिंतीतून तो हादरा वर चढायचा आणि कपांपर्यंत पोचायचा. बर्फ पडलेल्या प्रत्येक सकाळी हे होत होतं. एक कप तिचा, पांढरा. दुसरा नवऱ्याचा, आर्वोचा, निळा, त्याच्यावर तो कामाला असतो त्या बोटीचं चित्र, आणि बोटीच्या नाकापाशी टवका उडालेला. दोघांच्या पलीकडे तिसरा हूक रिकामा होता. एक कप तिकडे टांगला असता तर वाजायचं थांबलं असतं. हे तिला रोज सुचत होतं, आणि रोज ती हात पुसून दुसऱ्याच कामाला लागत होती.

शाळा बंद असल्याचं पहाटेच रेडिओवर सांगितलं होतं. तिची लेक आयली तेवढ्यापुरती जागी झाली, ‘बंद?’ म्हणाली, दूध प्यायली आणि शेगडीजवळच्या कोचावर गोधडी ओढून पुन्हा झोपली. पाच वर्षांच्या मुलांची झोप कशी असते, एखादं ओलं फडकं टाकावं तशी ती पडते. तिचा एक पाय बाहेर होता. कारिनने तो आत घातला. तो गरम होता. आपले हात गार आहेत हे तिला त्या पायावरून कळलं, हातांवरून नाही. गेले काही आठवडे सगळं असंच कळत होतं, कडेकडेने. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा होतो, बोटानं दाबला तर बोटाला कळतं की इथं गाल आहे, पण गालाला काहीच कळत नाही, तसं.

दारावर बुटाची ठोकर बसली. हातानं दार वाजवण्याची वायनोला सवय नव्हती. तिनं उघडलं तर तो पायरीवर उभा, भुवयांवर बर्फ, हातात कापडात गुंडाळलेला पाव.

“बघ पोरी, मेलो गारठून.”

“आत या ना. हळू बोला, आयली झोपलीय.”

“आत यायचं म्हणजे बूट काढायचे. काढले तर परत घालायला आमच्या सायमीला हाक मारावी लागेल. ती येईल, मग कॉफी होईल, मग दुपार होईल. इथंच बरा मी.” त्यानं पाव पुढे केला. कापडातून वेलदोड्याचा वास आला. “हा सायमीनं दिलाय. आर्वोसाठी. मला म्हणाली, वाटेत तोडलास तर हात मोडीन.”

“सायमीला सांगा, छान वास येतोय.”

“वास मी पण घेतलाय. वासाला ती काही म्हणाली नाही.” तो हसला आणि मग हसू तसंच ठेवून पायाखालच्या बर्फाकडे बघत राहिला. “बोट टोलेडो बंदराला लागली म्हणतात. कधीचीच. सू गावची, बोटी जातात ती पाण्याची दारं हिवाळ्यापुरती बंद झाली ते तर रेडिओवरच सांगितलं. हॅरल्डचा पोरगा त्याच बोटीवर ना? तो येऊन आईच्या हातचं खाऊन खाऊन जाडा झाला पार. आर्वोला काय, बोटीनं गिळला का?”

कारिनला तिचाच आवाज ऐकू आला. “आलाय. काल रात्री. झोपलाय अजून.”

वायनोची नजर तिच्या पायांपाशी गेली. दाराच्या आत ओल्या पायपुसण्यावर दोन बूटजोड होते, एक तिचा आणि एक अगदी लहान, लाल. त्यानं टोपी थोडी मागे सारली.

“बरं झालं,” तो म्हणाला. “मग आज मी तुमच्या वाटेत शिरत नाही. ज्याची वाट त्यानं साफ करावी. आणि त्याला म्हणावं, ट्रॅक्टरच्या साखळ्या जरा आवळ नीट. गेल्या वर्षी सगळ्या रस्त्याची झोप उडवलीन. सायमी म्हणते, आर्वो घरी आलाय हे त्याच्या बायकोआधी आम्हाला कळतं.”

“सांगते.”

“सांग.” तो पायऱ्या उतरला, आणि खाली गेल्यावर न वळता म्हणाला, “पाव गरम आहे तोवर दे त्याला.”

दार लावून तिनं पाव टेबलावर ठेवला. आपण खोटं बोललो असं तिला वाटलं नाही. काही वाटलंच नाही. फक्त आता ट्रॅक्टर काढावा लागणार एवढं कळलं, जसं दूध संपलंय हे कळतं.

या रस्त्यावर कुणी कुणाला विचारत नाही. माणूस बोटीवर असला की त्याची वाट शेजारी साफ करतो, बर्फ पडायला लागल्यापासून. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही, आणि मानले तर शेजारी दुसऱ्या दिवशी तोंड चुकवतो. मग जानेवारीत सरोवर गोठायला लागतं, बोटी बंदराला लागतात, माणसं घरी येतात. ज्या दिवशी ज्याच्या अंगणात साखळ्या वाजतात, त्या दिवसापासून शेजाऱ्याचं पातं त्याच्या वाटेत शिरत नाही. तेवढाच निरोप. फोन नाही, काही नाही. आणि रस्त्याच्या टोकाला लिलियनचं घर आहे. तिचा नवरा पश्चिमेकडे लाकूडकामाला गेला आणि एका जानेवारीत त्याच्या अंगणात काही वाजलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. लिलियनची वाट आजही कुणी ना कुणी साफ करतं, न बोलता, अगदी कडेपर्यंत, इतरांपेक्षा नीट. लोक त्या घराला आधी तिच्या नवऱ्याच्या नावानं ओळखायचे. कधी बदललं कुणालाच आठवत नाही. कारिन नवीन लग्न होऊन इथं आली तेव्हा तिनं साधेपणानं विचारलं होतं, लिलियनचे यजमान काय करतात? आणि सायमीनं तिच्या कपात कॉफी ओतता ओतता म्हटलं होतं, साखर घे गं.

आर्वोचा जाड चौकड्यांचा कोट दारामागे होता. तिनं तो घातला, कारण तो सगळ्यात गरम होता. बाह्यांमधून हात बाहेर येईपर्यंत वेळ लागला. टोपीही त्याचीच घातली. खिशात एक खिळा, लाकडाचा भुसा आणि खोकल्याच्या गोळीचा कागद निघाला. तिनं ते परत तिथंच ठेवलं.

शेडमध्ये बाहेरच्याहून जास्त गार होतं. लहान ट्रॅक्टर ताडपत्रीखाली होता, उन्हाळ्यात गवत कापायचा तोच, आता त्याच्या नाकाला बर्फ लोटायचं पातं लावलेलं. ते आर्वोनं मार्चमध्ये काढलंच नव्हतं. तिनं पूर्ण उन्हाळा गवत तसंच वाढू दिलं होतं, कारण पातं तिच्यानं निघेना आणि फोनवर विचारायचं ती दर वेळी विसरायची. विसरायची की काय, तेही आता नीट सांगता आलं नसतं. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या भिंतीवरच्या दोन मोठ्या खिळ्यांवर टांगलेल्या होत्या, शिडीसारख्या, दोन लांब बाजू आणि मधे आडव्या पायऱ्या. तिनं पहिली उतरवली तेव्हा तिच्या वजनानं ती दोन पावलं पुढे गेली.

हे सगळं तिनं फक्त बघितलेलं होतं. आयली पोटात असताना, शेवटच्या महिन्यात, ती इथंच उलट्या बादलीवर बसली होती आणि आर्वो चाकापाशी गुडघे टेकून. त्यानं आधी टायरमधली हवा सोडली. फुस्स असा लांब आवाज, आणि टायर हळूहळू खाली बसलं. मग त्यावर साखळी पांघरली, आतल्या बाजूची कडी आधी अडकवली, मग बाहेरची. “ओढून घट्ट नाही करायची,” तो म्हणाला होता, “हात सोलतात नुसते. टायरला फुगू द्यायचं. ते आपलं आपण तिच्यात बसतं.” सायकलचा पंप घेऊन तो हवा भरत राहिला आणि रबर कड्याकड्यांमधून वर फुगत आलं, आणि तिला हसू आलं, कारण तिच्या कोटाची बटणं त्या दिवसांत तशीच ताणलेली असायची. त्यानं वर पाहिलं. “काय?” “काही नाही.” त्याला कळलं. त्यानं तेलकट बोटानं तिच्या मधल्या बटणावर टिचकी मारली. त्या बटणावर डाग पडला तो कधी गेला नाही. आतून कुणीतरी लाथ मारली, आणि ती दोघांनाही कोटावरून दिसली.

“आता चार पावलं चालवायचा, उतरायचं, परत आवळायचं. पहिल्यांदा घट्ट वाटते ती घट्ट नसतेच,” त्यानं सांगितलं होतं. आणि स्वतः मात्र तो कधी उतरला नाही. चार पावलांनंतरही नाही, चाळीस पावलांनंतरही नाही. साखळी सैल पडून चाकावरच्या पत्र्यावर आपटत राहायची, ठण् ठण् ठण्, रस्त्याच्या पार टोकापर्यंत. “आवळ ना रे,” ती खिडकीतून ओरडायची. “वाजू दे की,” तो खालून ओरडायचा, “माणूस घरी आहे हे कळू दे गावाला!”

हातमोजे घालून कडी अडकेना. तिनं ते काढले. लोखंड बोटांना चिकटलं आणि सुटताना थोडी कातडी घेऊन गेलं, ते तिनं पाहिलं, दुखलं नाही. हवा सोडली. फुस्स. आतली कडी लावायला गालाजवळ टायर घेऊन आडवं व्हावं लागतं हे बघताना कधी कळलं नव्हतं. रबराला आदल्या कुठल्यातरी उन्हाळ्याचा वास होता, कुजलेल्या गवताचा. टोलेडोहून फोन आला तेव्हाही ती अशीच, काहीतरी उचलायला वाकलेली होती. आयलीचा मोजा होता बहुतेक. आर्वो म्हणाला, “या हिवाळ्यात इथंच थांबतो म्हणतोय.” “बोटीवर काम आहे?” “बोटीवर नाही.” मग तो थांबला. त्या थांबण्यात तिला मागे चमचा ऐकू आला. कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं, हलकेच, फोनवर बोलणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये इतका हलकेच. बोटीवर कपात कुणी असा चमचा फिरवत नाही. ते घर होतं. ती मोजा हातात घेऊन तो आवाज ऐकत राहिली, आणि तो थांबला तेव्हा ज्याचा कप होता त्यानं पहिला घोट घेतला असणार असं तिला वाटलं. “आयलीला...” आर्वो म्हणाला. “आयलीला काय?” “तूच सांग काहीतरी. तुला जमतं.” तिनं बरं म्हटलं. बरं का म्हटलं? फोन ठेवल्यावर तिनं मोज्याचा जोड शोधला. तो सापडला.

आयलीला तिनं काही सांगितलं नव्हतं. आयली विचारतही नव्हती बाबा कधी येणार. ती दर हिवाळ्यात एकच विचारायची, साखळ्या कधी वाजणार? बाबा येण्याचं तिच्याकडे तेवढंच रूप होतं. दोन वर्षांची होती तेव्हापासून. साखळ्या वाजल्या की धावत बाहेर जायचं, बाबानं उचलून मांडीवर घ्यायचं, आणि पातं खाली सोडायचा दांडा तिनं दोन्ही हातांनी ढकलायचा. यंदा फोननंतर तिनं विचारलं, “आई, साखळ्या कधी?” आणि कारिन पोळीवर लोणी लावता लावता म्हणाली, “वाजतील की.” दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते वाक्यच होऊन बसलं. नवे बूट? साखळ्या वाजल्या की. डोंगरावर घसरगाडी? साखळ्या वाजल्या की. त्यात काही खोटं नव्हतं आणि काही खरं नव्हतं, आणि बोलताना तोंडाला त्रास होत नव्हता. आयली मान डोलवायची आणि खायला लागायची. तिच्या ओठावर लोणी लागलेलं असायचं, ते कारिन अंगठ्यानं पुसायची. तेवढ्या वेळापुरतं तिला स्वतःच्या अंगठ्याचं टोक जाणवायचं.

पंपानं हवा भरता भरता तिचा श्वास वाढला. रबर कड्यांमधून वर आलं. दुसरं चाक पहिल्यापेक्षा लवकर झालं. मग बाहेरच्या बाजूनं कोळीकिड्याच्या पायांसारखा फाकलेला रबरी पट्टा ताणून त्याचे आकडे चहूबाजूंनी साखळीत अडकवले. एक आकडा निसटून तिच्या मनगटावर बसला. तिनं तो पुन्हा अडकवला. ट्रॅक्टर तिसऱ्या प्रयत्नाला खोकला आणि सुरू झाला. ती शेडबाहेर चार पावलं आली, थांबली, उतरली, आणि दोन्ही साखळ्या परत आवळल्या. एकेक कडी पुढे गेली. पहिल्यांदा घट्ट वाटते ती घट्ट नसते, हे खरंच होतं. आता बोट घालायलाही जागा नव्हती. काम नीट झालं होतं, आणि क्षणभर, खूप दिवसांनी, तिला काहीतरी आवडलं.

पातं खाली टाकून तिनं रस्त्याच्या दिशेनं पहिली पट्टी ओढली. बर्फ बाजूला वळून पडत गेला, कापसासारखा नाही, ओल्या पिठासारखा, जड. चाकं कुठं घसरली नाहीत. आणि आवाज आला नाही. म्हणजे आला, पण तो खालून येणारा एक घरघरता आवाज होता, इंजिनात मिसळून गेलेला, दहा पावलांवर विरणारा. घट्ट आवळलेल्या साखळ्या वाजत नाहीत. ती रस्त्यापर्यंत गेली, मागे आली, पुन्हा गेली. पलीकडे वायनोच्या स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीत कुणी नव्हतं. पडदा सरळ लोंबत होता. लिलियनच्या घराकडून धूर वर चढत होता. तिला वाटलं आपण काचेच्या आत आहोत, बर्फ लोटतोय, आणि कुणालाच ते ऐकू जात नाहीये. संध्याकाळी वायनो येईल. साफ झालेली वाट बघेल, टोपी मागे सारेल, साखळ्या तर वाजल्या नाहीत हे ओळखेल. उद्या पुन्हा बर्फ पडेल. परवा तो न विचारता आत शिरेल. मग तो कधीच विचारणार नाही.

ती शेडपाशी थांबली. इंजिन चालूच ठेवलं. उतरली, डाव्या चाकापाशी गुडघे टेकले आणि रबरी पट्ट्याचे आकडे एकेक काढले. मग बाहेरची कडी उघडली आणि साखळी सैल केली, एक कडी, दोन, आणखी एक. तिच्या बोटांवर आता थोडं रक्त होतं आणि ते तिथंच गोठत होतं. आयलीचा विचार मनात आला नाही असं नाही. तो आला, वायनोसारखा बाहेर पायरीवर उभा राहिला, बूट काढून आत शिरला नाही. झोपलीय ती, कारिनला वाटलं, आणि शेगडीचा पंखा घुमतोय, तिला ऐकू जाणार नाही.

ती बसली आणि गिअर टाकला. ठण्. साखळीचा सैल पदर पत्र्यावर आपटला. मग पुन्हा, ठण्, आणि वेग घेतल्यावर ठण् ठण् ठण्, घरांवरून, गोठलेल्या झाडांवरून, पार खाली सरोवरापर्यंत. तो आर्वोचा आवाज होता. हुबेहूब. तिच्या पाठीत, ढुंगणाखालच्या पत्र्यात, दातांत तो वाजत होता, आणि काही आवर्तनं ती खरंच ऐकत राहिली, जसं स्वयंपाकघरातून ऐकायची, ताटं काढता काढता. वायनोच्या खिडकीतला पडदा हलला. सायमीचा हात दिसला. मग दार उघडून वायनो स्वतः पायरीवर आला, नुसत्या सदऱ्यावर, हातात कप. रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंती इतक्या उंच होत्या की त्यांच्या वरून त्याला टोपी आणि कोटाचे खांदे एवढंच दिसत असणार. तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं दोन बोटं कपाळाला लावली, आर्वोला बघून लावायचा तशी. तिनं चौकड्यांची लांब बाही वर केली. तो आत गेला. दार लागलं. झालं.

झालं, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि त्यात पुढे काहीच नव्हतं. तिनं ट्रॅक्टर वळवला.

वळल्यावर घराचं दार उघडं दिसलं. आत उबदार पिवळा उजेड, आणि त्यातून आयली पळत येत होती. लाल बूट उलटसुलट पायांत, झोपायच्या कपड्यांवर फक्त टोपी, गालावर गोधडीच्या शिवणीचा वळ. एका हातात सायमीचा पाव होता, तोडलेला तुकडा नाही, अख्खा, छातीशी धरलेला. “बाबा!” ती ओरडत होती, “बाबा, मी आले, पातं मी सोडणार! मी सोडणार!” साफ केलेल्या वाटेवर ती घसरली, बसली, उठली, पाव सोडला नाही. कारिननं इंजिन बंद केलं. शेवटचं एकदा ठण् झालं, आणि साखळी लोंबत राहिली.

आयली चाकापाशी येऊन थांबली. वर बघितलं. कोटाकडे बघितलं, मग टोपीकडे, मग टोपीच्या खालच्या तोंडाकडे. तिचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच ठेवून तिनं ट्रॅक्टरला एक फेरी मारली आणि मागे वाकून पाहिलं, कारण आर्वो कधी कधी तिथं लपायचा. मग ती शेडच्या दारापर्यंत गेली. आत अंधारात बघितलं. भिंतीवरचे दोन रिकामे खिळे बघितले. परत आली. कारिननं खाली उतरून कोटाची बटणं काढली, तिला आत घ्यायला. आयली आत आली नाही. तिचे ओठ निळसर व्हायला लागले होते आणि पावावर बर्फाचे कण बसत होते, वितळत नव्हते.

“ये पिल्ला. गारठशील. आत जाऊ.”

आयलीनं सैल साखळीला बोट लावून बघितलं. ती हलली, हलकेच वाजली.

“बाबा नाहीत?” तिनं विचारलं.

कारिननं मान हलवली, कशी हलवली ते तिचं तिलाही कळलं नाही. पलीकडच्या घराचा पडदा पुन्हा सरळ झाला होता. आयली साखळीकडे बघत होती, आणि मग आईकडे, कपाळाला बारीक आठी घालून, रागानं नाही, नीट समजून घ्यायचं असल्यासारखी.

“मग साखळ्या का वाजल्या?”